कोरड्या हातांच्या उदगीरकर मॅडम

उदगीरकर मॅडम माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी हात. मी आमच्या प्रयोगशाळेच्या आस्थापना विभागात नवीनच लागले होते आणि एका कागदावर सही घ्यायला त्यांच्या खोलीत गेले, तर मान वर न करता म्हणाल्या, "हात दाखव." मला वाटलं, बाईंना हात बघता येतो. तेव्हा घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं आणि सिकंदराबादचं एक रेल्वेतलं स्थळ हो-नाही करत लटकलं होतं. मी खुर्ची ओढून बसले, डावा हात पुढे केला आणि विचारलं, "मॅडम, यंदा जमेल का?" त्यांनी माझा तळवा उलटासुलटा केला, अंगठ्याने चोळून पाहिला आणि म्हणाल्या, "डोक्याला तेल लावतेस. आत येऊ नकोस." आत म्हणजे कुठे, आणि तेलाचा नि लग्नाचा संबंध काय, मला काही कळेना. घरी जाऊन मी आईला सांगितलं की ऑफिसात एक ज्योतिषीणबाई आहेत, पण भविष्य फार तोडून सांगतात.

मॅडमना देवाघरी जाऊन आता वर्ष होत आलं. इतकी वर्षं त्यांना रोज पाहिलं, तरी त्या पहिल्या दिवशी उडालेला गोंधळ माझ्या डोक्यातून पुरता गेलेला नाही. त्यांचं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगायची, त्या भांड्यातली हवा काढतात. मग पुढे काय, असं विचारलं की माझी बोलती बंद. स्टीलचं एक भलंमोठं भांडं होतं, माणूस वाकून आत बसेल एवढं. मॅडमनी तरुणपणी स्वतः आकृत्या काढून ते बनवून घेतलेलं. त्याला त्या 'हंडा' म्हणायच्या. झाकण लावायचं, पंप सुरू करायचा आणि आतली हवा काढत बसायचं, तासन्‌तास, कधी दोन-दोन दिवस. मी एकदा विचारलं, एवढ्या वेळात सगळी हवा निघून जात नाही का? त्या म्हणाल्या, सगळी कधीच निघत नाही, आपण फक्त किती उरली ते मोजायचं. म्हणजे काही नसण्यातसुद्धा कमी-जास्त असतं म्हणे. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

पण हातांचं कोडं एवढं मात्र उलगडलं. उघड्या बोटाचा एक ठसा हंड्याच्या आत उमटला, तर त्या ठशातलं तेल आणि घाम आठवडेच्या आठवडे वाफ होऊन निघत राहतो आणि हवा काढणारा पंप हैराण होतो. म्हणून आत जाणारी प्रत्येक वस्तू धुतलेली, हातमोज्यांनी धरलेली. मॅडम स्वतः मेंदी लावत नसत, बांगड्या घालत नसत, डबा चमच्याने खात. विद्यानगरला आमच्या घरी हळदीकुंकवाला यायच्या. कुंकू लावून घ्यायच्या, पण अत्तराची काडी पुढे आली की दोन्ही हात पाठीमागे. माझ्या सासूबाई (ते रेल्वेतलं स्थळ शेवटी जमलं बरं का) म्हणायच्या, हैदराबादसारख्या बांगड्यांच्या शहरात राहून ही बाई अशी भुंड्या हातांनी का हिंडते? मी त्यांना काय समजावणार? मलाच अर्धं समजलेलं.

मॅडमचं बोलणं अस्सल हैदराबादी. वडील इथल्या जुन्या कोर्टात वकील, घरात मराठी, गल्लीत दखनी, त्यामुळे एका वाक्यात दोन्ही सुखाने नांदायच्या. कुणी घाई केली की म्हणायच्या, "हल्लू. तू परेशान झालीस म्हणून हवा लवकर निघणार आहे काय?" कुणी म्हटलं, मॅडम, पुसून घेतलंय सगळं, तर विचारायच्या, "पुसलंस का नुसतं फिरवलंस?" ही वाक्यं आमच्या ऑफिसात इतकी रुळली होती की चहाच्या कपावरूनसुद्धा लोक एकमेकांना तेच विचारत.

या सगळ्यात त्यांच्यासोबत असायचा यादगिरी. नलगोंड्याकडचा, कंत्राटावरचा तंत्रज्ञ, दोन मुलींचा बाप. मॅडमनीच त्याला शिकवून तयार केलेला. त्याचं एकच दुखणं होतं. त्याच्या तळहाताला जात्याच घाम यायचा. तो बिचारा एकावर एक असे दोन हातमोजे चढवायचा, तरी मॅडम रोज सकाळी त्याचे हात तपासायच्या, आधी तळवे, मग नखं, मग बोटांच्या बेचक्या. रोज. तोही शाळेतल्या मुलासारखा हात पुढे करून उभा राहायचा.

मॅडम निवृत्त व्हायच्या वर्षी शहरातल्या एका कॉलेजने आपल्या दुर्बिणीचा आरसा आमच्याकडे पाठवला. परातीएवढी मोठी, जाड काच. तिच्यावरचा चकाकता थर जुना होऊन डागाळला होता. जुना थर धुऊन टाकायचा, काच हंड्यात ठेवायची, हवा काढायची, मग आत अ‍ॅल्युमिनियमची तार तापवून तिची वाफ करायची. ती वाफ काचेवर बसते आणि काचेचा आरसा होतो. मॅडमनी अशी कामं पुष्कळ केली होती. हे शेवटचं, म्हणून त्यांनी आरसा धरायचं स्टँडही नवीन करून घेतलं आणि ते आत जोडायला कुणाला जवळ येऊ दिलं नाही; काच आणि बाकीचं सामान तेवढं यादगिरीने ठेवलं. जोडणी झाली, झाकण बसलं, पंप सुरू झाला, आणि उरलेली हवा दाखवणारा काटा जिथे पोचायला हवा त्याच्या बराच अलीकडे येऊन थांबला. थांबला तो थांबलाच.

तशाच अवस्थेत त्यांनी एकदा थर चढवून पाहिला. आरसा बाहेर आला तो दुधी, साय धरल्यासारखा. पुन्हा धुवावा लागला. मग गळती शोधणं सुरू झालं. बाहेरून जोडाजोडावर हेलियम वायू सोडायचा, कुठे बारीकशी चीर असली तर तो आत शिरतो आणि तपासणारं यंत्र ओरडतं. यंत्र काही ओरडेना. बाहेरून काही आत जात नाही, तरी आतली हवा संपत नाही. कॉलेजवाले रोज फोन करायला लागले. संचालक म्हणाले, जुनं धूड भंगारात काढा आणि नवीन तयार यंत्र मागवा. मॅडमना रात्री झोप लागेना, असं त्यांच्यासोबत राहणाऱ्या भावाने मला सांगितलं. कोण बरोबर, काय चुकलं, कुणालाच काही सुधरत नव्हतं.

शेवटी संचालकांनी बैठकीत विचारलं, कारण काय समजायचं? मॅडम म्हणाल्या, "चीर नाही. म्हणजे आतच काहीतरी राहिलंय. कुणाचा तरी हात लागलाय." आणि मग, "यादगिरीचे हात घामेजतात." एवढंच. पण तेवढं पुरलं. त्याचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं, आणि ते पुढे वाढवायचं नाही असा कागद माझ्याच टेबलावर आला. यादगिरी माझ्यासमोर उभा राहून सारखं एकच म्हणत होता, "मैं हाथ नै लगाया मॅडम. मेरे बच्चियों की कसम." मला त्याचं खरं वाटत होतं आणि उदगीरकर मॅडम कधी उगाच बोलत नाहीत हेही माहीत होतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, ते कळेना. मला मॅडमचा राग आला. इतक्या वर्षांच्या माणसाला असं एका वाक्यात उडवायचं? तो गेला त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही. त्यांच्या ते लक्षात तरी आलं की नाही, देव जाणे.

तो गेल्यावर मॅडमनी हंडा एकट्यांनी धुवायला घेतला. आतला प्रत्येक कोपरा अ‍ॅसिटोनने पुसला, बाहेरून तापवणाऱ्या पट्ट्या गुंडाळून सगळा हंडा भाजून काढला. ठसा असता तर त्यात जळून गेला असता. पुन्हा झाकण, पुन्हा पंप. काटा पुन्हा तिथेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात एक पांढरा कागद, त्यावर दोन स्क्रू. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "शैला, यांत काय फरक दिसतो, सांग." मी एकेक उचलून खिडकीकडे धरला. एका स्क्रूला मधोमध, डोक्यापासून टोकापर्यंत आरपार सुईच्या टोकाएवढं भोक होतं, त्यातून उजेड दिसत होता. दुसरा भरीव. मी तसं सांगितलं. त्यांनी दोन्ही स्क्रू पुन्हा डोळ्यांजवळ धरून पाहिले.

"मला दोन्ही सारखेच दिसतात," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच समजावलं. हंड्याच्या आत भरीव स्क्रू पिळला, की त्याच्या टोकाखाली खाचेत जरा हवा कोंडते. तिला बाहेर यायला फक्त आट्यांमधली वाट. ती जराजरा करून आठवडेच्या आठवडे झिरपत राहते. बाहेरून शोधून सापडत नाही, पुसून जात नाही, तापवूनही हटत नाही. म्हणून आत लावायच्या स्क्रूला भोक असावं लागतं. तो भरीव स्क्रू स्टँडवरून काढलेला होता; मॅडमनी तिथे सगळेच भरीव लावले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि आरशाचं काम होऊ दे, मग बघू, म्हणून त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं होतं. मी विचारलं, पण स्टँड बसवताना यादगिरीला का नाही घेतलं? "त्याचे हात घामेजतात म्हणून," असं म्हणून त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जसं काही या उत्तराचा अर्थ मी त्यांना सांगणार होते.

त्याच दिवशी त्यांनी संचालकांना सगळं सांगितलं. मग मला म्हणाल्या, यादगिरी कुठे आहे ते काढ. तो सिकंदराबादला शफीभाई नावाच्या एका माणसाच्या एसी दुरुस्तीच्या दुकानात लागला होता. मी म्हटलं, फोन लावून देते. त्या म्हणाल्या, "फोनवर हात दिसत नाहीत." मला याचा काही बोध झाला नाही, पण रिक्षा केली.

दुकानात यादगिरी एका एसीच्या नळीला छोटा पंप लावून बसला होता. गॅस भरण्याआधी नळीतली हवा काढावी लागते, ती काढत होता. शफीभाईंनी आम्हाला स्टूल दिलं आणि तक्रारच सुरू केली, "अम्मा, ये आपका आदमी है? आदमी अच्छा है, मगर हवा निकालने कू आधा दिन लगाता. बाकी लोगां पाच मिनट में करते." मॅडम बसल्या नाहीत. त्या यादगिरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले.

"यादगिरी, मेरे हाथ देखो."

तो गोंधळला. माझ्याकडे पाहिलं, शफीभाईंकडे पाहिलं. मग स्वतःचे हात पॅंटला पुसून त्याने खाली वाकून खरोखरच त्यांचे हात तपासले. आधी तळवे, मग नखं, मग बोटांच्या बेचक्या. त्यांनीच शिकवलेलं तसं. तळव्यावर अंगठा दाबून पाहिला आणि अगदी हळू म्हणाला, "पसीना है, मॅडम."

"हौ," मॅडम म्हणाल्या. "वो स्क्रू मैं लगाई थी. तुम्हारा हाथ नै था."

मला वाटलं होतं, आता कुणीतरी रडेल, नाहीतर भांडेल. तसं काही झालं नाही. यादगिरीने खिशातलं धुतलेलं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं की पंप चालू आहे, आता मध्ये सोडून येता येणार नाही. मग मॅडम स्टुलावर बसल्या आणि पंप बंद होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. शफीभाईंनी चहा मागवला. मला त्या चहाची चवसुद्धा आठवत नाही, इतकी मी विचारात होते की ही माफी मागणं झालं की काय झालं.

यादगिरीचं कंत्राट पुन्हा सुरू करून घ्यायला मॅडम संचालकांच्या खोलीबाहेर एक अख्खी सकाळ बसल्या. तो आला. भोक असलेले स्क्रू त्याने एकेक करून खिडकीशी धरून पाहिले आणि स्वतः पिळले. मॅडम दाराशी बसून होत्या, आत गेल्या नाहीत. काटा या वेळी गुमान खाली गेला.

आरसा बाहेर आला तेव्हा आम्ही सगळे जमलो होतो. असा लख्ख, की वरचे दिवे त्यात तरंगत होते. शेवटची एक तपासणी असते. आरशामागे झगझगीत दिवा धरायचा आणि पुढून बघायचं. थरात कुठे भोक राहिलं असेल तर तिथून उजेडाचा ठिपका दिसतो. मॅडमनी स्वतः दिवा धरला, कारण बघणं आता त्यांच्याच्याने होणार नव्हतं. यादगिरी पुढे वाकला. मी त्याच्या मागे होते. मला कडेजवळ दोन ठिपके स्वच्छ दिसले.

"कुछ नै, मॅडम," यादगिरी म्हणाला. "एकदम साफ."

मॅडमचं शेवटचं काम, तेव्हा दुखवायला नको म्हणून हा असं म्हणतोय, हे मला दिसत होतं. मीही गप्प बसले. मॅडमनी मात्र दिवा हलवला नाही.

"इतक्या वर्षांत एकदाही थर एकदम साफ निघाला नाही," त्या मला मराठीत म्हणाल्या. मग त्याला म्हणाल्या, "हल्लू. फिर देखो."

त्याने पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दो हैं, मॅडम. किनारे कू."

"हौ," त्या म्हणाल्या. "अब बराबर है." आणि दिवा खाली ठेवून हसल्या, तोंडभर, सगळ्यांदेखत. मी त्यांना तशा हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या महिनाअखेरीस त्या निवृत्त झाल्या. एकही भोक नाही ऐकून ज्या बाईचा चेहरा ढिम्म हलला नाही, तीच बाई दोन भोकं आहेत असं ऐकून इतकी खूश का झाली, ते मला विचारायचं होतं. ते राहूनच गेलं. पण त्या दिवसापासून मला कुणी "सगळं ठीक आहे" म्हणालं, की मी पुन्हा एकदा विचारते.