माझ्या लिव्हरचे सल्लागार

खरं तर हे मी सांगायचं नाहीये. मुलीचा आजार बाहेर सांगितला की पुढे लग्नाला अडतं, असं आत्याने बजावलंय. मी नववीत आहे! पण वर्षभरात इतके किस्से साठलेत की गप्प राहवत नाही.

आजार असा, की माझ्या शरीराचे पहारेकरी माझ्याच लिव्हरला चोर समजून बडवतात आणि त्याला सूज येते. डॉक्टरांनी असंच समजावलं. मुलांमध्ये क्वचित होतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि गोळ्या मनाने बंद केल्या तर लिव्हर जाऊ शकतं.

*

उल्हासनगरच्या एका लॅबमध्ये रक्त द्यायला गेलो. चिठ्ठी वाचून काउंटरवरच्या माणसाने भरल्या रांगेत पप्पांना विचारलं, "घर में पीता कौन है?"

पप्पा चहासुद्धा अर्धा कप पितात. ते इतके गोरेमोरे झाले की सगळ्यांची खात्रीच पटली. आणि पप्पा पीत असते, तरी सूज माझ्या लिव्हरला कशी आली असती?

*

आम्ही कात्रपला राहतो. बुद्धपौर्णिमेला आई शेजारच्या काकूंना खीर देते. यंदा डबा परत आला तो उकळून. आजाराच्या नावात हेपटायटिस आहे म्हटल्यावर काळजी घेतलेली बरी, असं त्यांचं म्हणणं.

खीर मात्र संपवली होती.

*

गोळ्यांनी माझा चेहरा फुगला. पीटीचे सर म्हणाले, "आजारपण मानवलं गं तुला!" वर्ग हसला. मीही हसले. त्याचाच अजून राग येतो.

*

आमच्या घरात गंडेदोरे चालत नाहीत. पण "ही दवा आहे" म्हणत आत्याने मला आईच्या नकळत वांगणीपलीकडच्या एका पाड्यावर नेलं. तिथे एक माणूस कावीळ उतरवतो. त्याने माझ्या हातांना कसलासा पाला चोळला आणि चुन्याच्या पाण्यात हात धुतले. पाणी पिवळंधमक.

"उतरली. आता डॉक्टरच्या गोळ्या बंद," तो म्हणाला. आत्याने लगेच माझ्या सॅकमधली गोळ्यांची पाकिटं स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

मी मोठ्यांसमोर कधी बोलत नाही. तरी म्हणाले, "आता आत्याचे हात धुवा."

बाहेर चारजण बसलेले बघत होते, त्याला नाही म्हणता येईना. तोच पाला, तसंच पाणी. आत्याचंही पिवळं!

परतताना रिक्षात आत्याने मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघत डोळ्याची खालची पापणी ओढली, पर्समधून माझी पाकिटं काढली आणि हळूच विचारलं, "ह्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?"

मी पाकिटं तिच्या हातातून काढून घेतली आणि... आई हाक मारतेय, आलेच, पण आत्याला मी स्पष्ट सांगितलं, की पाणी पिवळं झालं ते पाल्यामुळे, आणि ह्या गोळ्या फक्त माझ्या आहेत.