ग्योतोकुतलं पहिलं भांडण

रशियन शिकायला जपानला चाललेय म्हटल्यावर पुण्यातल्या नातेवाइकांनी मला वेड्यातच काढलं. पण रशियात युद्ध चाललंय, तिकडे पाठवणार नाही, यावर आई ठाम होती. टोकियोत रशियन शिकवणारी एक संस्था सापडली, शिवाय तिथल्याच हिगाशी-कसाई भागात मामा राहतो, म्हणून एवढी तरी परवानगी मिळाली. संस्थेची अट अशी की रशियन बोलणाऱ्या घरातच राहायचं. पहिल्या महिन्यानंतर त्या घराने नको म्हटलं, तर प्रवेश रद्द. म्हणजे पुण्याला परत, आणि बँकेच्या परीक्षा.

मला मिळालं ते घर टोकियोला लागूनच असलेल्या ग्योतोकुला होतं. काका जपानी, निवृत्त, मितभाषी. त्यांची बायको रशियन; तिला मी मनातल्या मनात काकू म्हणायचे. काकू तरुणपणी लग्न होऊन इथे आल्या, त्या इथल्याच झाल्या. मुलं वेगळी राहायची. भेटायला आली की आईने रशियनमध्ये विचारलेल्याला जपानीत उत्तर देऊन मोकळी व्हायची.

मी तरी काय दिवे लावत होते? पुण्यात वर्गात पहिली येणारी मी, काकूंसमोर बसले की माझी दातखीळ बसायची. चुकलं तर हसतील, या भीतीने मिठाची गुळणी धरून बसायचे. वर आपलं घरचं वळण. आणखी वाढू का म्हटलं की आधी 'नको' म्हणायचं. काकू आग्रह करत नसत, नको म्हणजे नको. मग मी खोलीत जाऊन मामीने दिलेला चिवडा खायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

महिना संपत आला तशा संस्थेतल्या बाई मला म्हणाल्या, "तुझ्याबद्दल तक्रार काही नाही. पण त्या घरच्या बाईंना बोलणारी मुलगी हवी होती. सोमवारी कळवते म्हणाल्यात."

रविवारी सकाळी काकूंनी ब्लिनी करायला घेतली. ब्लिनी म्हणजे आपल्या धिरड्यांची रशियन बहीण, फक्त जॅम लावून खातात. काका टेबलापाशी वाट बघत बसले होते. काकूंचं पहिलं चिकटलं, दुसरं फाटलं. तिसरं घालणार, एवढ्यात फोन वाजला आणि त्या बाहेर गेल्या. मला वाटलं, चला, बोलता येत नाही तर निदान हाताने काहीतरी करून दाखवू. तव्यावर पाणी शिंपडलं, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवला आणि आई करते तसा तवा खसाखसा पुसून घेतला. धिरडी अशी सुटली म्हणता! काकू येईपर्यंत ताटलीत छान चळत झाली होती.

त्या दारातच थबकल्या. "कांदा? गोड ब्लिनीला कांदा?"

"तव्याला लावलाय, ब्लिनीत नाही घातला," मी म्हटलं.

"वास येतोय."

"नाही येत. आणि तुमची तर सुटतच नव्हती. गॅस केवढा मोठा ठेवला होता!"

आता माझ्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मी बोलतच सुटले. तवा आधी तापू द्यायचा, मग गॅस बारीक करायचा, आमच्याकडे शाळेतल्या पोरीलासुद्धा कळतं हे. रशियन विभक्त्यांची पार वाट लागली होती. काकूही मागे हटेनात. त्यांची आई बटाटा लावायची, कांदा नाही, आणि त्यांच्या आईच्या हातची ब्लिनी साऱ्या गल्लीत नावाजलेली. मी म्हटलं, मग बटाटा का नाही लावला?

काका इतका वेळ शांतपणे एक ब्लिनी खात होते. ते जपानीत एवढंच म्हणाले, "कांदा."

म्हणजे वास येतच होता. आता संपलं, बँकेची परीक्षा अटळ आहे, असं वाटून डोळे भरून आले.

काकूंच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्या खुर्चीवर बसल्या. "मुलं माझ्याशी जपानीत बोलतात. हे तर कधी भांडतच नाहीत. आई गेल्यापासून माझ्याशी माझ्या भाषेत कुणी भांडलंच नव्हतं गं."

मग सोमवारची वाट न बघता त्यांनी माझ्यासमोरच संस्थेतल्या बाईंना फोन लावला. "मुलगी उद्धट आहे," त्या म्हणाल्या. "मी ठेवून घेतेय."