फेलिमचे सगळे पत्ते

अट्रॅक्टामावशी चाळीस वर्षं आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात लोकांची मुलं सांभाळते आहे. मीही त्यातलीच एक. आता सरकार म्हणतं, नोंदणी करा. नोंदणी नाही तर आईबापांना सरकारी मदत नाही. मदत नाही तर मुलंही येणार नाहीत.

तिने सगळं केलं. शेगडीपुढे जाळी, कोंबड्यांना कुंपण, प्रथमोपचाराचा वर्ग. एकच कागद अडला. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलीस पडताळणी, आणि त्यासाठी जन्मापासूनचा प्रत्येक पत्ता. घरात मावशीचा भाऊ फेलिम राहतो. बिनलग्नाचा, वय एक्याऐंशी. बावीस वर्षं तो इंग्लंडात रस्ते खणत फिरला.

फॉर्म दोनदा परत आला. 'पत्त्यांमध्ये खंड आहे.' मग मावशीने मला बोलावलं. मी साहित्य शिकले, म्हणजे फॉर्म भरता येणारच.

"अडुसष्ट साल, मार्च ते जून?" मी विचारलं.

"कॉव्हेंट्री. व्हॅनमध्ये झोपायचो."

"व्हॅनचा पत्ता?"

"तिला चाकं होती, पोरी."

"अरे, सरळ उत्तर दे की!" मावशी कडाडली. "घरमालकिणींची नावं तरी आठव!"

"एकीच्या कुत्र्याचं आठवतंय."

एकतीस पत्ते झाले. मी थक्क होऊन बघत राहिले. एवढी घरं, आणि एकही त्याचं नाही. फॉर्म तिसऱ्यांदा परत आला. मुदतीला चार दिवस उरले होते.

त्या सकाळी फेलिम किटली घेऊन कोंबड्यांमागच्या जुन्या कॅरव्हॅनमध्ये राहायला गेला. "मी आता घरात नाही. तसं कळव त्यांना."

दोन दिवसांनी मावशीने नोंदणीच्या कचेरीत फोन लावला, स्पीकरवर. फेलिम दूध न्यायला आत आला होता. फोनमधली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "कॅरव्हॅन तुमच्याच आवारात ना? मग ते घरातलेच धरले जाणार. शिवाय पत्ता बदलला, म्हणजे नवा फॉर्म. ते दुसरीकडे कुठे राहिले तर प्रश्नच मिटेल."

फेलिमने खुंटीवरची टोपी घेतली. सांभाळायला आलेली दोन वर्षांची सायव त्याच्या पायाला बिलगली.

"ठेव ती टोपी," मावशी म्हणाली. फोन तिने आपटलाच. "मुलं गेली तर गेली. पोरी, लिही. बत्तीस, कॅरव्हॅन, कोंबड्यांच्या मागे, दोन दिवस."

"आणि तेहतीस?"

"हे घर. आणि 'कधीपर्यंत' असं विचारलं असेल, तर ती जागा कोरी सोड."