मास्तरांचा पहिला नंबर

शहरातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी गाडी शिकवली, पण स्वतः ती मनासारखी कधी चालवली नाही. जन्म गेला शेजारच्या सीटवर. पायाखाली जादा ब्रेक आणि स्टिअरिंगवर कुणीतरी घामाघूम झालेला. अशा माणसाला उतारवयात वेगाच्या गाडीचं वेड लागलं, तर त्यात हसण्यासारखं काय होतं? तरी लोक हसलेच. ‘साठी बुद्धी नाठी’ हे तर सख्ख्या मेहुण्याने तोंडावर ऐकवलं.

बायको मात्र हसली नाही. “आयुष्यभर दुसऱ्यांचे धक्के खाल्लेत,” ती म्हणाली, “घ्या एकदाची. घराचा रंग काय, थांबेल.”

कंपनी तसल्या गाड्या मोजक्याच काढणार होती आणि इथल्या शोरूमच्या वाट्याला एकच येणार होती. मास्तरांनी सगळ्यांच्या आधी नाव नोंदवलं. मॅनेजर त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने खुर्ची दिली, चहा पाजला. पुढे त्याचाच फोन आला, “मास्तर, गाडी निघाली. पैसे तयार ठेवा.” मास्तरांनी शिकवणीची गाडी विकली, बँकेतल्या ठेवी मोडल्या आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून बायकोसह शोरूम गाठलं.

मॅनेजरने किमतीचा कागद पुढे सरकवला. छापील किमतीवर आणखी निम्मी रक्कम चढवलेली.

“हे काय रे?”

“मागणी आहे ना, मास्तर. कंपनी आता आणखी काढणार नाही.”

“अरे, पण पहिला नंबर माझा!”

“आहेच की. म्हणून तर आधी तुम्हाला विचारतोय.”

हा गोड बोलून गळा कापायला कुठे शिकला कोण जाणे! मास्तरांनी तर त्याला हॉर्नसुद्धा जपून वाजवायला शिकवलं होतं. बायकोने त्यांचा दंड धरला आणि दोघं रिक्षाने घरी आली.

गाडी एका ठेकेदाराने उचलली आणि आपल्या इमारतीच्या तळघरात झाकून ठेवली. जितकी कमी चालेल तितकी उद्या महाग विकली जाईल, हा त्याचा हिशोब. इकडे मास्तरांना विकलेल्या भावात दुसरी शिकवणीची गाडी मिळेना, आणि खरं सांगायचं तर मनही उडालं होतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

मग मॅनेजरचा पुन्हा फोन. ठेकेदाराला भरवशाचा माणूस हवा होता, आठवड्यातून एकदा इंजिन चालू करायला. “तुमच्याइतका जपणारा हात दुसरा कुणाचा, मास्तर?”

“त्या दारात पाऊल टाकलंत तर माझ्याशी बोलू नका,” बायको म्हणाली.

मास्तर गेले. रखवालदाराने आच्छादन काढलं, किल्ली दिली. इंजिन घुमलं आणि मास्तरांचा ऊर भरून आला. चाकं एका जागी बसू नयेत म्हणून गाडी हातभर पुढे घ्यायची, हातभर मागे, बस, एवढंच. सगळ्या शहराला रिव्हर्स शिकवणाऱ्या माणसाला तो रखवालदार भिंतीपाशी उभा राहून “येऊ द्या, येऊ द्या, बस!” असं सांगत होता.

राग यायला हवा होता. तो आलाच नाही. मास्तरांना आनंद झाला, आणि त्या आनंदाची एवढी लाज वाटली की घरी बायकोने “गेला होतात ना?” असं विचारल्यावर ते सरळ “नाही” म्हणाले. तिने विश्वास ठेवला आणि त्यांना जेवायला वाढलं.

पुढच्या आठवड्यात निघताना, आज तिला काय सांगायचं, ते मास्तरांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.