फिटर मामांनी लिहिलेली पानं

चाकणला आमच्या कंपनीत मशिन बंद पडली की काय तपासायचं, हे सांगणारी वेब पानं करायचं काम माझ्याकडे आलं. मी हौसेनं कामाला लागले. गोल कोपऱ्यांच्या चौकटी, सावल्या, सरकणारा मेनू. एकेका परिच्छेदाला सजावटीची चार-चार लेबलं, म्हणजे क्लास, लावले. माझ्या लॅपटॉपवर पान देखणं दिसायचं.

पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमधल्या फिटर मामांनी ते तिथल्या जुन्या टॅबवर उघडलं. अर्धवट येऊन थांबलं. मामा म्हणाले, "मॅडम, दिसाया झ्याक हाय. पन मशिन उभी असताना मला एवढा येळ न्हाई."

दोन दिवस मी फुगून होते. मग सगळे क्लास काढून टाकले. शीर्षक असं दिसावं, परिच्छेद असा, यादी अशी, तक्ता असा, एवढंच सीएसएसमध्ये, म्हणजे सगळ्या पानांचं रूप ठरवणाऱ्या एका फाइलमध्ये, लिहिलं. जेमतेम तीस ओळी. टॅबवर पान झटकन उघडलं. अक्षरं मोठी, ओळींत मोकळी जागा.

मामांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे मी लिवलं तर चालंल का?"

कॅन्टीनमध्ये जेवता जेवता मी त्यांना चार टॅग, म्हणजे हे शीर्षक, ही यादी असं सांगणाऱ्या खुणा, शिकवले. क्लासची भानगडच नव्हती, त्यामुळे शिकवण्यासारखं तेवढंच होतं. आठवड्याभरात त्यांनी हायड्रॉलिक प्रेसचं पान आणून दाखवलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळं मोठ्या शीर्षकात.

"मामा, सगळंच मोठं का?"

"सगळंच महत्त्वाचं हाय."

"मशिनला हात लावायच्या आधी काय बघता?"

"मेन स्विच बंद हाय का ते."

"मग तेवढंच मोठं ठेवू या?"

त्यांनी थोडा विचार केला. ते शीर्षक ठेवलं आणि बाकीच्याची क्रमांकांची यादी केली. आकडे आपोआप आलेले बघून ते खूश झाले.

पुढं त्यांनी कॉम्प्रेसरचं पान लिहिलं, मग कन्व्हेअरचं, मग कुणी न सांगता कॅन्टीनच्या चहाच्या मशिनचं. ते सगळ्यांत जास्त वाचलं गेलं असावं, कारण चहा थंड यायचा बंद झाला.

एका सकाळी बघते तर सगळ्या पानांची शीर्षकं निळ्याची हिरवी झालेली. मी धावतच शॉपमध्ये गेले.

"रंग कुणी बदलला?"

"मी," मामा म्हणाले. "आपल्या प्रेसचाच रंग हाय. तुमच्या त्या तीस ओळींतली एकच बदलली, समदीकडं झाला. चुकलं का?"

"नाही," मी म्हणाले. हिरवा खरंच बरा दिसत होता. तो तसाच राहू दिला.