गालाला लावलेला साचा

कोपरा फाडलेले कार्ड धुळ्यात माझ्या हाती पडले, तेव्हा नानांचे तेरावेही उरकले होते. बरेच झाले, असे क्षणभर वाटले... नानांच्या गावी, असोद्याला जाऊन चार लोकांत बसणे टळले. असा मी माणूस, आणि नानांवर लिहायला बसलो आहे.

नाना म्हणजे दगडू मिस्त्री, रूळ जोडणाऱ्या आमच्या टोळीचे प्रमुख. स्वातंत्र्यानंतर जळगावकडच्या लाइनीवर हे काम निघाले तेव्हा मी त्यांच्या हाताखाली होतो. रुळांच्या दोन टोकांत बोटभर फट ठेवायची, तिच्याभोवती वाळूचा साचा बसवून कडा मातीने लिंपायच्या, टोके लाल होईपर्यंत तापवायची. वरच्या मुशीतली भुकटी पेटवली की डोळे दिपवणारा भडका उठे आणि वितळलेले पोलाद साच्यात उतरे. साचा जरा ओला राहिला तर वाफ कोंडते, सांध्यात पोकळ्या राहतात. म्हणून नाना प्रत्येक साचा गालाला लावून पाहत. हाताला घट्टे पडलेत, त्याला ओल कळत नाही, म्हणायचे. "नाना, मुका घेताय की काय?" मी चिडवायचो. "हास भाऊ, हास. गाडी येनावरथीन जाई, तुना हासावरथीन नही." गाडी या सांध्यावरून जाणार, माझ्या हसण्यावरून नाही, हे त्यांचे उत्तर ठरलेले.

त्या दिवशी सकाळपासून भुरभुर होती. गाडीची वेळ जवळ आलेली, कामावर देखरेख करणाऱ्या साहेबांचा जीव घड्याळात. नानांनी साचा गालाला लावला आणि खाली ठेवला. "साहेब, ओला शे. घटकाभर शेकू द्या." साहेब म्हणाले, "टोके तापवताना सुकेल. उरका." मी हातभर अंतरावर होतो. तापवणेही निम्म्यावर आटोपले आणि सांधा ओतला गेला. दीड महिन्याने मालगाडीखाली तो तडकला. रूळ तपासत फिरणाऱ्या चावीवाल्याने वेळीच पाहिला म्हणून कुणी मेले नाही, पण सांधा फोडला तर आत नुसती चाळण.

चौकशीत साहेब म्हणाले, मिस्त्रीने साचा तपासलाच नाही. नानांनी माझ्याकडे बोट दाखवले. "याने ऐकलंय." माझी मुकादमी तेव्हा त्याच साहेबांच्या सहीसाठी अडली होती. मी म्हणालो, मी हत्यारे आणायला गेलो होतो... सही झाली. नानांना सांधकामावरून काढून खडी ठोकायला लावले. ज्या माणसाने आपणहून कधी ओला साचा बसवला नाही, तो निष्काळजी म्हणून कायमचा बदनाम झाला. मला रस्त्यात भेटले की "कसा काय मुकादम?" एवढेच विचारत. शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

कार्डानंतर तीन आठवड्यांनी गेलो. नानांच्या बायकोने, अक्कांनी पाणी दिले, मग कोनाड्यातून एक साचा काढून माझ्यापुढे ठेवला. त्या दिवशीच्याच खेपेतला, न वापरलेला. नानांनी घरी आणून ठेवला होता आणि पुढे वर्षानुवर्षे, जेवण झाले की तो उचलून गालाला लावत.

"भाऊ," अक्का म्हणाल्या, "तुम्ही आयकं व्हतं ना?"

"हो."

"मंग तवय काब्र नही सांगं?"

मुकादमीचे कारण ओठांवर आले होते. त्या उठून आत गेल्या. मी साचा उचलून गालाला लावला. तो कधीचाच कोरडा झाला होता.