पायाळू आईचा पाय

माझी आई पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आलेले. पायाळू माणसाने पाय लावला की लचक, उसण उतरते असं आमच्याकडे मानतात, त्यामुळे दिग्रसमध्ये आईच्या पायाला मोठा मान. कंबर धरलेल्या बाया दारात यायच्या. कोणाकडून ती चहासुद्धा घेत नसे. तेवढी एकच गोष्ट खास तिची होती, असं मला वाटतं.

मी पोलीस भरतीसाठी धावत होते. वयाची मर्यादा संपत आलेली, म्हणजे ही शेवटची संधी. लग्नाचा विषय निघाला की आईच म्हणायची, "थांबा न! पोरगी धावून राह्यली तर धावू द्या."

मैदानी चाचणी तोंडावर आली असताना एका सकाळी सरावात मांडीच्या मागे कोणी काठी हाणावी तशी कळ आली आणि मी खालीच बसले. सराव घेणाऱ्या सरांनी लगेच ओळखलं. स्नायू थोडा फाटला असणार, म्हणाले. रसवंतीवरून बर्फ आणून टॉवेलात गुंडाळून लावला, वर क्रेपची पट्टी बांधली. घरी सोडताना आईला बजावलं, "पाय उशीवर उंच ठेवा, मधूनमधून बर्फ लावा. दोन-तीन दिवस शेक नाही, तेल नाही, चोळणं तर बिलकुल नाही." आई हो म्हणाली.

दुपारी गल्लीतल्या बाया जमल्या. बर्फाने नस आखडते म्हणे! एक जण म्हणाली, "साऱ्या गावाचं उतरवतं तू, अन् पोटच्या पोरीचं काहून नाही?" ते आईच्या वर्मी लागलं. त्या गेल्यावर तिने पट्टी सोडली, तेल गरम करून मांडी चोळली, शेकली आणि वरून पाय फिरवला. जीव जात होता, पण मी दात आवळून पडून राहिले. तिच्या तोंडावर इतकी माया होती की नको म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी मांडी टम्म फुगून गुडघ्यापर्यंत काळीनिळी झाली. यवतमाळच्या डॉक्टरांनी समजावलं, की दुखापत ताजी असताना आत रक्त उतरत असतं. शेकल्या-चोळल्याने ते वाढतं, फाटलेलं आणखी फाटतं. आता दोन-तीन महिने मैदान विसरा. आई शेजारीच उभी होती. डॉक्टर तिला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

भरती गेली. परतताना एसटीत आईने माझा पाय आपल्या पिशवीवर उंच ठेवला. मला संताप आला होता, खोटं कशाला बोलू. त्या बायांचा तर आलाच होता, पण आईकडे पाहिलं की तो कुठे ठेवावा तेच कळेना. रडू मात्र दोघींनाही येत नव्हतं.

मी लंगडत चालायला लागले त्या सुमारास एक म्हातारी सुनेला घेऊन दारात आली. सुनेची कंबर धरली होती. "पायाळू बाई इथंच राह्यते न?"

आईने उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. मग म्हणाली, "नाही व माय. कोणं सांगतलं तुमाले? मी तर साधीच जन्मली, चारचौघींसारखी."

म्हातारी कुरकुरत गेली. मी भिंत धरत बाहेरच्या खोलीत आले, तर आई दाराला कडी घालून तिथंच खाली बसली होती.